पोराचं आहे, मॅडम

पप्पा, दादाला आणि मला तुम्ही एकाच वर्गात बसवलंत, तिथून सुरुवात करते. तो माझ्याहून मोठा, पण बारावीला एकदा नापास झाला म्हणून आम्ही दोघं बरोबरच उल्हासनगरच्या कॉलेजात बीएस्सी आयटीला गेलो. तुम्ही शेजारीपाजारी सांगत सुटलात की दोन्ही पोरं कॉम्प्युटरची इंजिनियर होणार. ती इंजिनियरिंगची डिग्री नाही हे मी एकदा सांगायला गेले तर तुम्ही म्हणालात, लोकांना काय कळतंय. जयंतीला विहारासमोरच्या मांडवात तुम्ही भाषण करायचात, मुलींना शिकवा, पोटाला चिमटा काढून शिकवा. ते खोटं नव्हतं. माझं शिक्षण बंद करायचा विषय आपल्या घरात कधी निघाला नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच पुढचं समजायला मला इतकी वर्षं लागली.

तुम्ही उल्हासनगर कॅम्पातल्या दुकानातून जुना कॉम्प्युटर जोडून आणलात, तेव्हा तो ठेवायला जागा फक्त स्वयंपाकघरात होती, ओट्याच्या टोकाला. मम्मीने फोडणी टाकली की स्क्रीनवर तेलाचा धूर बसायचा आणि मी ओढणीने पुसायचे. दादा मित्रांकडे अभ्यासाला जायचा. मी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये प्रोग्राम लिहायचे. तुम्ही पहिल्या पाळीवरून आलात की दारात चहाचा कप घेऊन बसायचात आणि माझ्या पाठीकडे बघत राहायचात. मला ते आवडायचं. तुम्ही काही बोलायचा नाहीत, पण बघायचात.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट होता. वर्गातल्या बऱ्याच पोरांनी तो तयार विकत घेतला. तसली दुकानंच होती, वर काळ्या बांधणीचा रिपोर्टही छापून मिळायचा. मला स्वतःचा करायचा होता. आपल्याकडे अंबरनाथ पूर्वेला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. म्हणून मी असं ठरवलं की ज्याच्या नळाला आधी पाणी येईल त्याने मोबाईलवर बटण दाबायचं, म्हणजे पुढच्या गल्ल्यांना लगेच मेसेज जाईल. पण पाणी कुठून कसं सुटतं हे मला कळत नव्हतं. तुम्हीच म्हणालात, चल, जांभूळच्या पाणी केंद्रावर आपल्या ओळखीचा माणूस आहे. रविवारी स्कूटरवर मागे बसवून नेलंत. त्या माणसाला तुम्ही म्हणालात, "माझी पोरगी पाण्यावर कॉम्प्युटर चालवणार आहे, तिला सगळं नीट दाखव." तो हसला आणि त्याने आम्हाला टाक्या, पंप, व्हॉल्व्ह सगळं फिरून दाखवलं. मी विचारत होते आणि तुम्ही माझ्याहून जास्त विचारत होतात. येताना तुम्ही गाणं गुणगुणत होतात, हेल्मेटमधून सुद्धा ऐकू येत होतं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, पप्पा. घरात इतर कोणालाही असेल त्यापेक्षा जास्त तुम्हाला माहीत होतं.

दादाने दुकानातून घेतलेला प्रोजेक्ट चाललाच नाही. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मम्मीबरोबर बाजारात गेले असताना त्याने माझा सगळा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेतला, वरचं नाव आणि रंग बदलले आणि दुकानातून रिपोर्ट बांधून आणला. मला पत्ता नव्हता. परीक्षेत त्याचा नंबर माझ्या आधी. माझी वेळ आली तेव्हा बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षकांनी माझ्या प्रोजेक्टच्या दोन स्क्रीन बघितल्या आणि म्हणाले की हे तर मी आत्ताच पाहिलं. आम्हा दोघांना विभागप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये नेलं. मॅडमनी विचारलं, दोघांतलं खरं कोणाचं? दादा खाली बघत उभा राहिला. मी माझं म्हणाले. मॅडम म्हणाल्या की दोघंही तेच म्हणणार, वडिलांना बोलवा.

तुम्ही कंपनीच्या कपड्यांतच आलात. बाहीवर पिवळे डाग होते. तुम्हाला दारात बघून माझा जीव भांड्यात पडला. मी दादाकडे बघितलं, आणि मला त्याची कीवसुद्धा आली, की आता याचं काय होणार.

मॅडमनी तुम्हाला बसवलं, सगळं सांगितलं आणि विचारलं. तुम्ही आधी त्याच्याकडे बघितलंत. मग माझ्याकडे. मग टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणालात, "पोराचं आहे, मॅडम. ही नुसती टाईप करून द्यायची."

मी तोंड उघडलं होतं. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "गप." मॅडमनी मग मला काही विचारलंच नाही. बापाने सांगितल्यावर आणखी कोणाला विचारायचं? माझा प्रोजेक्ट रद्द झाला, वर्ष गेलं. दादा पास झाला. बाहेर कॉरिडॉरमध्ये माझ्या मैत्रिणी उभ्या होत्या. त्यांनी मला जायला वाट करून दिली, एकीनेही हात लावला नाही.

दादाला तुम्ही पुढे पाठवून दिलंत आणि मला घेऊन कॉलेजजवळच्या सिंध्याच्या गाडीवर थांबलात. दोन दाल पकवान सांगितलेत. मी सकाळपासून उपाशी होते, आणि मला त्या भुकेची इतकी लाज वाटली, पण मी खाल्लं. गाडीवाल्याने माझे डोळे बघून विचारलं, "बेटी को क्या हुआ?" तुम्ही म्हणालात, पेपर अवघड गेला. त्याने न मागता माझ्या वाटीत आणखी दाल घातली. मग तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू परत करशील. त्याला नसतं जमलं."

आयुष्यात माझ्या हुशारीबद्दल तुम्ही माझ्याशी बोललात ते एवढंच. मी मान हलवली. आज ती गाडी आठवली की वाटतं, ती वाटी तुमच्या अंगावर फेकायला हवी होती. तुम्ही मला कमी समजून मारलं असतंत तर मी तुम्हाला अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही मला पुरेपूर ओळखून मारलंत. जिच्यात दम आहे तिच्याच पाठीवर गोणी ठेवायची, हा हिशोब तुम्ही बसल्या जागी, मॅडमच्या काचेकडे बघत केलात.

मी परत केलं. त्याच ओट्याशी, दुसरा विषय घेऊन. तुम्ही चहाचा कप घेऊन दारात बसायचात. मी खुर्ची फिरवून भिंतीला पाठ लावायला लागले, म्हणजे तुम्हाला माझा चेहरा दिसायचा आणि तुम्ही उठून बाहेर जायचात. पास झाले तेव्हा तुम्ही विहारात पेढे वाटलेत. मी घरात बसून राहिले.

दादाला माझ्या प्रोजेक्टवर कॉलेजातूनच नोकरी लागली होती. पहिल्या काही महिन्यांतच त्याला काढलं, कारण त्याला एक ओळ लिहिता येत नव्हती. तुमच्यापासून त्याने ते शेवटपर्यंत लपवलं. पुढे कितीतरी दिवस तो डबा घेऊन निघायचा आणि शहाडला एका मित्राच्या दुकानात बसून संध्याकाळी परत यायचा. आता तो बदलापूरला लोकांना फ्लॅट दाखवतो, आणि ते काम तो छान करतो. मागे एकदा मीच विषय काढला तर तो म्हणाला, "तेव्हा तू बोलायला पाहिजे होतंस." त्याला खरंच तसं वाटतं. तुम्ही त्याला वाचवलंत आणि त्याबरोबर त्याची लाजही काढून घेतलीत.

तुमची फुफ्फुसं गेली तेव्हा दवाखान्यात दिवसा तुमच्याजवळ बसायचं माझ्याकडे होतं. तुम्ही सारखं विचारायचात, दादा सुटला का कामावरून? एका दुपारी मी सांगून टाकलं. म्हटलं, कुठलं काम? ते कधीच गेलं. मी तुमच्या कानाशी वाकून, स्पष्ट सांगितलं, कारण मला ते तुमच्या चेहऱ्यावर बघायचं होतं. आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला केलात.

"माहीत आहे मला," तुम्ही म्हणालात. "मला कळलंय हे त्याला सांगू नकोस."

तुम्ही माझ्याशी शेवटचं बोललात ते हे. त्याच्यासाठी. मास्क मी परत लावला.

हे मी लॅपटॉपवर लिहितेय आणि जपून ठेवणार नाहीये. तुमच्यापर्यंत जायची वाट नाही, आणि ज्यांच्यापर्यंत जाईल त्यांच्या हाती हे लागू द्यायचं नाही. गेल्या आठवड्यात मी नोकरी बदलली. मुलाखतीत नेहमीसारखं विचारलं की डिग्रीला एक वर्ष जास्त का लागलं. मी नेहमीसारखंच सांगितलं, कावीळ झाली होती. नवऱ्यालाही लग्नाआधी हेच सांगितलंय. तो अजून मला गाडीवरचा बर्फ घातलेला उसाचा रस पिऊ देत नाही, म्हणतो, तुझं लिव्हर नाजूक आहे. खरं सांगायला मी बऱ्याचदा तोंड उघडते. पण मग तो तुमच्याबद्दल काय म्हणेल, हे मनात येतं आणि मी म्हणते, राहू दे, बिनबर्फाचा घेऊ.