गाडी भरेपर्यंत

मूर्तिजापूर रोड,
६ ऑक्टोबर २०२५

पिंकीच्या बाबांस नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. तुमच्या आईंचा गुडघा दुखतो, पण तोंड शाबूत आहे. पिंकी रविवारी अकोल्याहून येऊन गेली. जठारपेठेतली खोली तिला आवडली आहे, मेसचं जेवण अजिबात नाही.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं आणि तुम्ही फोन ठेवून देता. पत्र निदान पूर्ण वाचाल.

हॉटेलची जागा कुलदीपला गोदामासाठी विकायची की नाही, ते दिवाळीआधी नक्की सांग, असं तुम्ही म्हणालात. सांगते. पण आधी वामनरावांच्या पेट्रोलपंपाचं ऐका.

तुम्ही चाकणला गेलात तेव्हा पंपाच्या कडेला दोन पांढऱ्या पेट्या बसवल्या होत्या ना, विजेच्या गाड्या चार्ज करायच्या? कनेक्शन नव्हतं म्हणून त्यांच्यावर नुसते कावळे बसायचे. पोळा झाला आणि एकदाची त्यांत वीज आली. अकोल्याला, बडनेऱ्याकडेही तशाच बसल्या आहेत म्हणतात. त्यामुळे नागपूरहून शेगावला निघालेली माणसं आता विजेची गाडी बिनधास्त बाहेर काढतात. वामनरावांच्या पंपावर येतात, गाडीला वायर लावतात आणि मग पाऊण तास मोकळी. बसायला जागा नाही, सावली नाही. समोर आपलं हॉटेल बंद आणि लेकराबाळांची माणसं उन्हात उभी. मला काही ते बघवेना.

आता खरं लिहिते. हॉटेल मी महिन्यापूर्वीच उघडलं. फोनवर तुम्हाला शटर बंद आहे, सगळं सामसूम आहे असं सांगत होते, ते खोटं. तुमचा फोन आला की मी मागे बाभळीपाशी जाऊन बोलायचे, भांड्यांचा आवाज तुमच्या कानावर जाऊ नये म्हणून. हॉटेल चाललं नसतं तर विकून टाकू म्हणणारे तुम्ही बरोबर ठरला असता, आणि ते मला सोसलं नसतं. माझा स्वभाव तुम्हाला नवा नाही.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. डोक्यात अजून दहा मिनिटं थांबणारी एसटीच. आधी पैसे घ्यायचे, ताट आदळायचं, शेवटचा घास तोंडात जायच्या आत टेबलावर फडका मारायचा. नागपूरचं एक कुटुंब बसलं, त्यांनाही मी तसंच वाढलं आणि फडका घेऊन उभी राहिले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, गाडी अजून अर्धीबी नाही भरली. आमाले उठवून कोठी धाडून राहिली तू?"

मी वरमले. फडका खांद्यावर टाकला आणि चहा ठेवला. मग बाईंनी माझं माहेर कोणतं, नवरा कुठे, सगळं विचारून घेतलं. नवरा पुण्याकडे आहे एवढंच मी सांगितलं.

तेव्हापासून रीत बदलली. माणूस आला की आधी पाणी द्यायचं, बसू द्यायचं, मग विचारायचं. भाकरी तव्यावरून सरळ ताटात. गोदाबाई थापायला येतात, झुणका आणि ठेचा मी बघते. निघताना लोक चटणी बांधून मागतात. रस्ता चौपदरी झाला आणि एसटी थांबेनाशी झाली, तेव्हापासून माझी झोप उडाली होती. आता पाठ टेकली की डोळा लागतो.

फक्त एक अडतं. येणारा प्रत्येक जण रोडगे आहेत का विचारतो. मी करून पाहिले. वरून कोळसा, आत कच्चं पीठ. गोवऱ्यांचा जाळ बसून निखारे होईपर्यंत थांबणं मला जमत नाही. तुमच्या आई खाटेवरून बघत होत्या. म्हणाल्या, "हे त्याचं काम आहे वं. तुले दम कोठी हाय?"

तुम्ही जाण्याआधी मी काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. उरलीसुरली एकच बस थांबत होती, कंडक्टर घंटी मारत होता, आणि तुम्ही विस्तवापाशी बसून रोडगा न् रोडगा सावकाश उलटवत होता. तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मी म्हटलं, "तुमचे रोडगे होतपर्यंत बस अकोल्याले पोचते." तुम्ही हात धुतले आणि चार दिवसांत चाकणच्या कॅन्टीनला कामाला गेलात.

ते बोलणं मी आजही मागे घेणार नाही. बस खरंच निघून गेली होती, आणि पुढच्या महिन्यात तीही थांबायची बंद झाली. पण आता जो येतो त्याला थांबावंच लागतं, आणि त्याला रोडगेच हवे असतात. तुमच्यासारख्या सावकाश माणसाचे दिवस आले आहेत. हे लिहिताना मला हसू येतं आहे, तुम्हीही हसा.

कुलदीपला काल मी नाही म्हणून सांगून टाकलं, तुम्हाला न विचारता. रागवायचं असेल तर इथे येऊन रागवा.

पिंकी म्हणत होती, बाबा फोनवर जेवलीस का एवढंच विचारतात, स्वतः जेवलो असं कधी सांगत नाहीत.

मदतीला माणूस हवा म्हणून बोलावते आहे असं समजू नका. माणूस मिळेल. हॉटेल तुमच्यावाचून चालतं, ते मी चालवून पाहिलं. माझं चालत नाही.

दिवाळीला या, आणि येताना परतीचं तिकीट काढू नका.

तुमचीच,
साधना