तिरक्या रेघेबद्दल खुलासा

तीर्थरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा सध्या मनातून.) डोळ्यांत थेंब वेळेवर घालताय ना? मामी घालतात म्हटल्यावर विचारायचं कारण नाही, पण पत्राची रीत असते.

इकडे मी गणिताचे पेपर तपासायच्या कामावर आहे आणि बहुधा शनिवारपर्यंतच आहे. प्रश्न साधा: आलेखावर क (१, १) ते ख (५, ४) एक रेघ, ग (१, ६) ते घ (६, ६) दुसरी, लांब कुठली? छापील उत्तरसूची म्हणते, दुसरी. कोण्या महाभागाने चौकटी मोजल्या! आडवीच्या पाच, तिरकीच्या चार, झालं गणित. अहो, तिरकी रेघ चार घरं पुढे जाताना तीन घरं वरही चढते, त्या कष्टांचं काही धराल की नाही? चाराचा वर्ग सोळा, तिनाचा नऊ, मिळून पंचवीस, वर्गमूळ पाच. दोन्ही सारख्या! एकेचाळीस मुलांनी तसं लिहिलं. मी एकेचाळीस जणांना पूर्ण गुण दिले.

त्यावर आमचे साहेब (आम्ही तपासलेलं पुन्हा तपासणारे) म्हणाले, "बाई, डोळ्यांना दिसतंय की आडवी मोठी!" म्हटलं, मोजू या. बत्तीस गणितशिक्षक, पट्टी एकाकडेही नाही. म्हणून मी गठ्ठ्याची सुतळी सोडली. डोक्यावर पंखा आहे हे सूत्रात नव्हतं. दोनशे पेपर दालनभर उडाले. साहेब खुर्चीवर चढून "अरे, दारं लावा!" ओरडताहेत आणि मी जमिनीवर रांगत दोन्ही रेघांना सुतळी लावून दाखवतेय. (कंबर तिथेच गेली.) निकाल काय, तर "सुतळी तुम्ही ताणलीत."

आता शनिवारी अकराच्या आत माफीनामा द्यायचा, नाहीतर मी घरी. आणि दोन्ही परी त्या पोरांचे दोन-दोन गुण कापले जाणार. माफी मागते माझी पेन्सिल! मला घरी बसवा, नाहीतर दारात उभी करा, रेघ पाचच राहणार.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. उत्तरसूचीच्या तळाशी सही तुमची आहे. आपलं नातं इथे कुणाला ठाऊक नाही. 'चूक माझी, दोन्ही रेघा सारख्या' एवढं लिहून शनिवारच्या आत केंद्रावर पाठवा.

आणखी एक ता. क. नाही पाठवलंत, तर माफीनाम्याऐवजी खुलासा देईन आणि त्यात तुमचं नाव नात्यासकट घालीन. रागावलात तर इतकंच आठवा, याच सूत्रासाठी तुम्ही मला भरल्या ताटावरून उठवलं होतं.