ताकदीची गोळी

नावडे कॉलनी, शुक्रवार, १९९७

सतीशचं रक्त फार कमी झालंय, आज डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं. एचआयव्हीच्या या गोळ्या जास्त झाल्या की असं होऊ शकतं. "ठरल्यापेक्षा जास्त घेता का?" सतीश रिपोर्ट घेऊन उठला. बाहेर आल्यावर म्हणाला, "ताई, संध्याकाळी आई एक जास्तीची देते."

त्यानंच तिला सांगितलंय, ताकदीच्या गोळ्या आहेत. पोरगा वाळत चाललाय, म्हणून ती ताकद वाढवतेय.

"मग तू घेतोस कशाला?"

"नको म्हटलं तर विचारेल, कसल्या आहेत."

म्हणजे तिला सांगण्यापेक्षा गिळणं सोपं? काय म्हणावं याला.

आजही चहानंतर तिनं तळहात पुढे केला. "घे राजा." मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणालेत. "त्यांना काय जातंय बोलायला." शेवटी गोळी मीच उचलली. ती बघत राहिली, तळहात तसाच उघडा. तो तळहात डोळ्यांसमोरून हलत नाही.

उद्या सकाळी सतीश तिला सगळं सांगणार आहे. मी शेजारी बसेन. आजार कसा झाला, हे ती नंतर विचारेल. आधी विचारेल, "मी किती दिल्या?"