पायरीपुरता अर्ज

जरीपटका, नागपूर
मंगळवार, १० मार्च २०२६

आदरणीय मामा,

सविनय जयभीम. गुडघा कसा आहे? खाप्याहून सावनेरच्या तहसिलीत अर्ज लिहायला अजून सायकलनेच जाता का?

आधी एक दुरुस्ती. आई कामाला होती त्या धंतोलीच्या दवाखान्याचा फोटो काढताना चौकीदाराने माझा मोबाईल हिसकावला, असं मी कळवलं होतं. ते खरं नाही. त्या चौकीदाराने, लहानूभाऊंनी, "काय करून राहिली वं?" एवढंच विचारलं. घाबरून मीच मोबाईल त्यांच्या हातात दिला. (त्यांनी तो बाहीला पुसून परत दिला.)

खरा घोळ त्याआधीचा. तुम्ही मला अक्षरं शिकवली ती जुन्या अर्जांवरून, त्यामुळे 'विनंती की' लिहिल्याशिवाय मला काही मागताच येत नाही. इमारतीचा फोटो काढू देण्याबाबत मी मालकांना तीन प्रतींत अर्ज दिला. एवढा रीतसर कागद महापालिकेचाच असणार, असं समजून त्यांनी दवाखान्याला मागून जोडलेल्या गॅलरीच्या मंजुरीचे नकाशे फाटकावर पाठवले, ती बेकायदा नाही हे दाखवायला. सोमवारी, सोळा तारखेला, ती गॅलरी इमारतीसकट पाडणार आहेत! फोटोसाठी अर्ज केला हे ऐकून आई म्हणाली, "भिंत काय नाही म्हणते काय वं?"

तेवढ्यात तुमचं पत्र आलं. त्यात तुम्ही लिहिलंत, की रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि काढलेला फोटो कोणी जबरदस्तीने पुसायला लावू शकत नाही. मामा, किती आभार मानू? ते पत्र पर्समध्ये ठेवून मी काल रस्त्यावर उभी राहिले आणि अकरा फोटो काढले. आईचं नाव सांगितल्यावर लहानूभाऊ म्हणाले, "तू शामलाबाईची पोर का वं? मंग आधी काहून नाही सांगितलं?" आणि चहा पाजला.

तुमची,
मेघा

ता. क. आईने अकराही फोटो पाहिले आणि विचारलं, "यात मी कुठं हावो?" तिला पायरीवर उभं राहून फोटो हवा आहे. पायरी फाटकाच्या आत आहे, आणि आत मालकाची परवानगी लागते, हेही तुम्हीच लिहिलंय. तेव्हा विनंती की, एक अर्ज लिहून पाठवावा. महापालिकेचा वाटणार नाही असा.

दुसरा ता. क. आई म्हणते, "तीस वर्षं त्या पायऱ्या मीनंच पुसल्या, मी काहून विचारू?" यावर मला कायदा सापडला नाही. अर्ज पोचला तर उत्तम. नाही पोचला, तर मालकांना तोंडी विचारीन, 'विनंती की' न म्हणता. पण फोटो रविवारी, १५ मार्चला, सकाळी साडेसातला काढणार.