मधाच्या रंगाचं तेल

मंगळवार, १४ मार्च २०००. संध्याकाळ.

माझ्या मुलाच्या, विनूच्या व्हॅनचं इंजिन आज दिंडोरीच्या रस्त्यावर जाम झालं. झेंडूच्या पाट्या मागे तशाच सुकल्या. रफिकने गॅरेजात इंजिन खोललं आणि म्हणाला, बेअरिंग गेलं, आता यात काही उरलं नाही.

इंजिनातलं तेल मागच्या आठवड्यात मीच आणून घरी बदललं होतं. रफिकने बजावलं होतं, "गुरुजी, बुढ्ढी डिझेल गाडी आहे, जाडच तेल घ्या. पातळ तिला चालायचं नाही." पण दुकानात नव्या पेट्रोल गाड्यांचं पातळ तेल पाहिलं. मधासारखा रंग! वर्गात शिकवलेल्या कवितांमधलं सगळं सोनेरी ऊन त्यात उतरलेलं. रंग बघून कोणी तेल घेतं का? मी घेतलं.

आज रफिकने विचारलं, "कोणतं टाकलं होतं?"

"तू सांगितलंस तेच," मी म्हणालो. का म्हणालो? विनू समोर होता म्हणून?

विनू त्याच्यावर तुटून पडला. "रफिकभाई, तुझ्या भरवशावर बसलो आणि तू वाट लावलीस!"

रफिकने इंजिनात उरलेलं तेल बोटांत चोळून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "असेल माझी चूक," एवढंच म्हणाला.

माझाच विद्यार्थी तो. खोटं बोलला म्हणून एकदा तासभर बाकावर उभा केला होता मी त्याला.

ते बोटांत तेल चोळणं डोळ्यांपुढून हलत नाही. त्या पातळ तेलाचा रिकामा डबा माझ्या खाटेखाली आहे. विनू जेवायला हाक मारतोय. डबा घेऊनच बाहेर जायचं.

जाईन ना?