मला नेमून दिलेलं पुस्तक

५ फेब्रुवारी, गुरुवार

मला आत बोलावलं तेव्हाच चष्मेवाल्यांचं तोंड पाहून समजलं — काहीतरी भलतंच ठरलंय!

वाचनालयातल्या आमच्या गुरुवारच्या मंडळाचा नियम असा, की आपलं पुढचं पुस्तक आपण निवडायचं नाही. ज्याची पाळी त्याने बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचं, बाकीचे आत ठरवतात. जे हातात येईल ते शेवटपर्यंत वाचायचं. अर्धं टाकलं तर मंडळातून नाव कमी. मी जन्मात संतचरित्रांपलीकडे गेले नाही म्हणून ग्रंथपाल बाईंनी बळेच ओढलं मला यात. फी नाही म्हणाल्या, मग मीही फार आढेवेढे घेतले नाहीत.

चष्मेवाले म्हणाले, "ताई, या महिन्यात देवाला जरा रजा द्या." सगळे हसले. शिंपीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. पुस्तक त्यांनीच माझ्या हातात ठेवलं.

कादंबरी आहे. जाडजूड नाही, तेवढंच बरं.

६ फेब्रुवारी

पहिल्याच पानावर माणसं एका बाईला पोचवून घरी आलीत. बाळंतपणात गेली. पहिलटकरीण. मग गोष्ट मागे जाते, ती लग्न होऊन आली तिथपासून.

हे पुस्तक — या घरात? माझ्या लेकीला, बबीला आठवा लागलाय. जावई बोटीवर, महिना महिना फोन लागत नाही. जाताना मला म्हणाला होता, आई, आता तुमच्यावर. आणि मी हे असलं घेऊन घरात आले!

देवासमोर बसले. जप होईना.

९ फेब्रुवारी

यांना सांगितलं. हे म्हणाले, कागद तो, त्याला काय हातपाय आहेत? यांना सगळं सोपं. पोर माझ्या ताब्यात दिलीय, यांच्या नव्हे.

पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यात खाली ठेवलंय, बबीच्या दृष्टीला पडू नये म्हणून. पण वाचीन असा शब्द देऊन बसलेय. दुपारी ती निजली की दोन-चार पानं वाचते. मग हात धुते, देवापुढे दिवा लावते. तेल जास्त जातंय. जाऊ दे.

१३ फेब्रुवारी

पुस्तकातल्या बाईचे पाय सुजले. सासू म्हणते, पहिलटकरणीचे सुजतातच. मीही बबीला परवा अगदी हेच म्हटलं! अगदी याच शब्दांत.

पुढच्या पानावर तिच्या बोटातली अंगठी निघेना. तिथेच मिटलं.

१४ फेब्रुवारी

बबीने न्हाणीतून हाक मारली. "आई, साबणाची नवी वडी काढ ना. अंगठी अडकलीय."

काढली वडी. बोट चोळून दिलं. अंगठी निघाली नाही. ती हसत होती, खाऊन खाऊन हत्तीण झालेय म्हणाली. मी हसले की नाही, आठवत नाही.

मी वाचलं म्हणून झालं. दुसरं काय? तोंडाने अभद्र बोलू नये हे मला लहानपणापासून माहीत, आणि मी ते अक्षर अक्षर लावून वाचत बसले.

१६ फेब्रुवारी

बबीचं डोकं सकाळपासून दुखतंय. बाम लावला. तपासणी पुढच्या आठवड्यात आहेच.

पुढे वाचणार नाही. नाव कापलं तर कापू देत. उद्या पुस्तक परत. ते एकदा घराबाहेर गेलं की सुटले.

१८ फेब्रुवारी, दवाखान्यात

 लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काल सकाळी बबी म्हणाली, डोळ्यांपुढे काहीतरी चमकतंय. म्हटलं, पडून राहा, आलेच. आणि गठ्ठ्यातून पुस्तक ओढून मी धावत निघाले — कुठे? वाचनालयात!

शिंपीणबाई तिथेच होत्या. पुस्तक त्यांच्यापुढे आदळलं. नाव कापा माझं, म्हटलं. अंगठीपर्यंत वाचलं तर पोरीची अंगठी अडकली, मग डोकं धरलं, आता डोळ्यांपुढे चमकतंय. तुमचं हे तुमच्याजवळ ठेवा.

त्यांनी पुस्तकाला हातही लावला नाही. माझा दंड धरला.

"पोरगी कुठंय?"

"घरी. निजलीय."

"आणि तुम्ही पुस्तक पोचवायला आलात?"

पुढच्या क्षणी शिंपीणबाई रस्त्यात मधोमध उभ्या राहून टॅक्सी अडवत होत्या. भाडं न ठरवता मी टॅक्सीत बसले, आयुष्यात पहिल्यांदा. बबीला उठवलं तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता, इतका फुगलेला. मी रोज बघत होते तो चेहरा. रोज!

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, काटा पाहिला, पुन्हा बांधला. मग नर्सला नुसती मान हलवून खूण केली. मला म्हणाल्या, "आणलंत हे बरं केलंत. घरी झटके आले असते तर..."

पोट फाडून मूल काढलं. मुलगी. मूठभर. काचेच्या पेटीत ठेवलीय. बबी शुद्धीवर आहे, पण धोका अजून टळला म्हणत नाहीत. देवा, मला वाचता येतं, मी मॅट्रिक आहे, आणि मला एवढं दिसलं नाही.

१९ फेब्रुवारी

शिंपीणबाई डबा घेऊन आल्या. विचारलंच मी — माझ्यासाठी हेच पुस्तक का सुचवलंत?

म्हणाल्या, त्यांच्या धाकट्या जावेला असंच झालं होतं. "आम्ही सगळ्याजणी मिळून तिचे पाय चेपत बसलो होतो, ताई."

मला रागच आला. मग तोंडाने सांगायचं होतंत!

"सांगितलं असतं तर तुम्ही मला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेतलं असतंत?"

नसतं घेतलं. अभद्र बोलते म्हणून दार लावलं असतं. त्यांना ते कळलं असावं. डबा उघडून वाढायला लागल्या.

२२ फेब्रुवारी

बबीचं ब्लडप्रेशर उतरतंय. आज पुस्तक वाचनालयातून मागवलं. हे घेऊन आले.

वऱ्हांड्याच्या बाकावर बसून उरलेलं वाचलं. शेवटी काय होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक होतं, तरी एकेक पान उलटत गेले. गेली बिचारी. सगळे भोवती असताना गेली. तिच्यासाठी पोटभर रडले. आणि आत माझी बबी उशी वर सरकव म्हणून नर्सशी भांडत होती.

५ मार्च, गुरुवार

नात पेटीबाहेर आली. अजून हातात घ्यायची भीती वाटते, पण घेते.

मंडळात गेले. नाव कापलेलं नाही. आज बेकरीवाल्या बाईंची पाळी, नव्यानेच आल्यात. त्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांच्या सुनेला दिवस गेलेत, म्हणून चष्मेवाले म्हणाले, काहीतरी हसवणारं देऊ. मी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. चष्मेवाले म्हणाले, अहो ताई, त्यांच्या घरात आत्ता हे? मी म्हटलं, आत्ताच. शिंपीणबाईंनी हात वर केला. मग ग्रंथपाल बाईंनी. बेकरीवालीला आत बोलावून पुस्तक मीच हातात ठेवलं.

९ मार्च

बेकरीवाल्या बाई दारात आल्या होत्या. आत या म्हटलं तरी येईनात. पुस्तक दोन बोटांत धरलेलं.

"तुम्हीच निवडलंत ना हे? मी तुमचं काय वाईट केलं होतं, ताई?"

"काही नाही. कुठपर्यंत वाचलंत?"