लाल किनारीची गाठ

बुधवार, संध्याकाळ. सुरत.

आज आयेचा तलासरीहून फोन. खूश होती. म्हणाली, "ओढ्याकाठी कोणी टेम्पो रिकामा करून गेला. गोणी चांगल्या जाड आहेत रे! आम्ही बायांनी आतला काळा चिखल ओतला, गोणी धुतल्या नि घरी आणल्या. आपल्या वाट्याच्या गोणीवर नाचणी वाळत घातलीय."

"गोणीचं तोंड कशानं बांधलेलं?" मी विचारलं.

"साडीच्या लाल किनारीनं. गाठ कोणा मेल्यानं मारली, सुटता सुटेना!"

ती गाठ माझी. साड्यांच्या कारखान्यातला रंगाचा गाळ मीच गोणीत भरतो, कापून उरलेल्या किनारीनं मीच बांधतो. टेम्पोवाला परवा हसत म्हणाला होता, "तुझ्या मुलखात चाललोय, काय निरोप?" मला मस्करी वाटली. मालकाला बोललो तर काम जाईल, आणि घर माझ्याच पगारावर चालतंय. मग काय करू? माझी गाठ, आणि आयेनं ती नखांनी सोडवली.

"आये, ती नाचणी खाऊ नको. गोण टाकून दे, विषारी आहे."

ती म्हणाली, "कुठं टाकू? परत ओढ्यात?"

तेवढ्यात मुकादम ओरडला, टेम्पो लागलाय म्हणून. फोन ठेवला नि गोणी भरायला गेलो.